यमू काय म्हणते

निंबळगावच्या उपकेंद्राची परिचारिका सारिका गुरव हिला गावातली सगळी पोरं ओळखत, आणि ती दिसली की सगळी पोरं पळत. यात तिचा काडीचाही दोष नव्हता. मिरजेच्या पूर्वेला वसलेल्या या गावात पोरगं जेवेना, झोपेना, अंघोळीला येईना, की घरोघरी एकच मंत्र म्हटला जाई: "गप खा, न्हाईतर सिस्टर येईल आन् सुई टोचंल." पूर्वी या कामाला बागुलबुवा असायचा. तो कधीतरी निवृत्त झाला आणि त्याच्या रिकाम्या जागेवर सारिकाची नेमणूक झाली, तिला न विचारता.

चोवीस वर्षं ती हे सोसत आली होती. पोरांना वाचवायचा पगार घ्यायचा आणि पोरांनी आपल्याला बघून आईच्या पदरात तोंड लपवायचं, हे तिच्या मनाला लागत असे. पण बोलणार कुणाला? लोक म्हणत, "अहो सिस्टर, गंमत असती ती."

ही गोष्ट दोन हजार सेहेचाळीस सालची. लस घेऊन येणारी गाडी बंद होऊन आता ड्रोन शाळेच्या मैदानात थंड डबा ठेवून जात असे. टिकलीसारख्या चिकटवायच्या लसी निघाल्याचं सारिकाने प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण निंबळगावात अजून सुईचंच राज्य होतं. नावांची फॅशन मात्र गावात वेळेवर पोचली होती. त्या वर्षी जुनी नावं परत आली होती, त्यामुळे अंगणवाडीचा पट वाचला की एखाद्या भजनी मंडळाची यादी वाचल्यासारखं वाटे: भागीरथी, तुळसा, विठाबाई, यमुना. त्यातली यमुना म्हणजे सुतारांची यमू, वय नऊ महिने सात दिवस. तिच्यामुळेच हे सगळं घडलं.

बुधवारी लसीकरणाचं सत्र होतं. गोवर-रुबेलाच्या यादीत अकरा नावं होती. दहा बाळं आली, दहा रडली, दहा घरी गेली. अकरावं आलं नाही. सारिकाने आशाताई पौर्णिमाला फोन लावला.

"सुतारांची यमू राहिली गं."

"जाऊन आले सिस्टर. यमू नको म्हणतीया."

"कोण नको म्हणतंय?"

"यमू."

"नऊ महिन्यांची यमू?"

"व्हय. सोता. म्या माझ्या कानानं ऐकलं."

सारिकाने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. बाळबोल इथेही आडवा आला होता.

बाळबोल म्हणजे कैरीएवढं एक यंत्र. पाळण्याच्या दोरीला अडकवलं की बाळाच्या रडण्याचा अर्थ सांगायचं. यामागचं शास्त्र खोटं नव्हतं. तान्ह्या मुलाचं रडणं हा नुसता गोंगाट नसतो. भुकेलं मूल रडतं तेव्हा आवाज हळूहळू चढतो, दम घेतो, पुन्हा चढतो. झोप आलेलं मूल तुटक किरकिरतं. दुखलं की पहिलीच किंकाळी एकदम वरच्या पट्टीत जाते आणि मग पुढचा श्वास इतका लांबतो की बघणाऱ्याचाच जीव खालीवर होतो. अशी लाखो रडणी यंत्राला ऐकवून ऐकवून त्याला हे फरक शिकवले होते, आणि ते बऱ्यापैकी बरोबर ओळखतही असे. पण "भूक, शेकडा बहात्तर" असं सांगणारं यंत्र कोण पाळण्याला बांधणार? म्हणून बनवणाऱ्यांनी त्याला वाचा दिली. बारीक, गोड, बाळाचा म्हणावा असा आवाज, आणि तोही ज्या त्या घरच्या बोलीत. कंपनीने इतक्या घरांची बोली कुठून आणली, हे कुणी विचारलं नाही. आपलं पोरगं बोलतंय म्हटल्यावर असल्या चौकशा कोण करतो?

गावात आता पंचवीसेक बाळबोल होते. निवृत्त हेडमास्तरांचा नातू भूक लागली की "मला वेळच्या वेळी दूध मिळालं पाहिजे" असं ठणकावी. बचतगटाच्या अध्यक्षाबाईंची तुळसा पेंगताना म्हणे, "माझं या घरात कोण ऐकतंय?" सारिका घरभेटीला गेली की हे ऐकून हसायची. आज तिला हसू येत नव्हतं. शेजारच्या गावात दोन मुलांना गोवर निघाला होता आणि त्यातलं एक मिरजेला दवाखान्यात होतं. मधे फक्त एक ओढा होता, आणि गोवराला पूल लागत नाही.

ती तशीच सुतारांच्या घरी निघाली.

मुरलीधर सुतार, म्हणजे मुरलीअण्णा, पेटी दुरुस्त करत. पेटी म्हणजे हार्मोनियम. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांच्या बेसूर झालेल्या पेट्या त्यांच्या ओसरीवर येत आणि सुरात होऊन परत जात. अण्णांचा कान असा होता की रस्त्यावरून सायकल गेली तरी ते घंटीची पट्टी सांगत. आता सुरात लावायची यंत्रं आली होती, पण अण्णा त्यांच्याकडे बघतही नसत. असा माणूस बाळबोलच्या मात्र पुरता आहारी गेला होता. दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या लेकीने तो पाठवल्यापासून "आमची यमू आज काय म्हणाली" हे सांगितल्याशिवाय त्यांच्याकडून कुणाची पेटी परत मिळत नव्हती.

सारिकाने उंबऱ्यात पाय टाकला. यमूने अनोळखी चेहरा बघितला आणि त्या वयाची मुलं करतात तेच केलं. भोकाड पसरलं. लगेच पाळण्यावरून बारीक, गोड आवाज आला:

"सिस्टर आली! सुई आली! मला वाचवा!"

सारिका जागच्या जागी थांबली. खोटं कशाला बोला, तिच्याही अंगावर काटा आला.

"बघा," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि अभिमान जास्त होता. "वळखलं बघा तुमास्नी. नऊ म्हयन्याचं पोर, पर ध्यान किती!"

नकार असलेल्या घरात सारिकाचा एक रिवाज असे. आधी चहा घ्यायचा, मग विचारायचं, मग ऐकायचं, आणि बोलायचं सगळ्यात शेवटी. चहा नाकारला की लस नाकारली गेलीच, हा तिचा अनुभव. अण्णांच्या बायकोने, मालनकाकूंनी, न सांगताच आधण ठेवलं. अण्णांची सून, यमूची आई ऋतुजा, बेदाण्याच्या शीतगृहातल्या कामावरून नुकतीच आली होती. ती लेकीला घेऊन खांबाला टेकली.

"काय भीती वाटतेय, ते मला सांगा तरी," सारिका म्हणाली.

"भीती न्हवं, न्यायाचं बोला," अण्णा म्हणाले. "आजवर बाळास्नी कुणी इचारलं न्हाई, कारण त्यास्नी बोलता येत न्हवतं. आता यंत्र आलंय. पोरगी तोंडानं नको म्हणतीया. एकदा न्हवं, रोज. मग ऐकायचं का न्हाई? आमच्या घरात बायकांच्या मनाइरुद्ध कायबी होत न्हाई."

आतून मालनकाकूंचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता हे सगळ्यांना समजलं.

"आणि तुला, ऋतुजा?"

ऋतुजाने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "साडेतीन म्हयन्याची असताना मीच घिऊन आलीवती की. तवा हे यंत्र न्हवतं. रडली, गप झाली, संपलं. आता टोचल्यावर ती बोलंल, सिस्टर. 'आई, तू मला धरून ठिवलंस' आसं म्हणाली तर? आयुष्यभर कानात ऱ्हाईल माझ्या."

सारिकाने कप खाली ठेवला. या पोरीची तिला खरंच माया आली. लस वाईट आहे असं या घरात कुणाचंच म्हणणं नव्हतं. पोरीच्या मनातून उतरायची भीती होती, आणि ती भीती कुठल्या आईला चुकली आहे?

तेवढ्यात यमूच्या जेवणाची वेळ झाली. नातीला भरवायचा मान अण्णांचा. त्यांनी नाचणीच्या खिरीची वाटी घेतली, मांडी घातली. त्यांच्या डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, पेटीतल्या सुराच्या पितळी पट्टीला कानस मारताना कापलेलं. यमूने दोन चमचे खाल्ले, तिसऱ्याला ओठ घट्ट मिटले, चौथ्याला रडायला लागली. आणि अण्णा सवयीने, अगदी प्रेमाने, सारिकाच्या समोर बसून म्हणाले,

"खा गं माझी बाय. न्हाईतर बघ हं, सिस्टर आली, सुई आली! कोण वाचवणार मग?"

पाळण्यावरचं यंत्र लगेच म्हणालं, "सिस्टर आली! सुई आली! मला वाचवा!"

सारिकाच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. तिला हेडमास्तरांचा नातू आठवला. हेडमास्तर सत्तर वर्षं 'वेळच्या वेळी'च म्हणत आले होते. अध्यक्षाबाई तर बैठकीची सुरुवातच "माझं कोण ऐकतंय" अशी करत. बाळबोलची बोली आकाशातून पडत नव्हती. मूल रडत असताना घरातली माणसं काय बोलतात ते यंत्र टिपून ठेवत होतं आणि पुढच्या रडण्याला तेच बाळाच्या नावाने ऐकवत होतं. माहितीपुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर हे छापलेलंही होतं, हे तिला नंतर समजलं. पण माहितीपुस्तकाचं एकेचाळिसावं पान वाचणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

हे अण्णांना तोंडावर सांगावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं. पण सासऱ्याला सुनेसमोर खोटं पाडलं की तो हट्टालाच पेटतो. त्यांना त्यांच्या कानानेच पटलं पाहिजे.

"अण्णा," ती म्हणाली, "यमू आत्ता रडली ती कुठल्या पट्टीत?"

अण्णांनी वाटी खाली ठेवली. असा प्रश्न विचारणारं माणूस त्यांना बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. "काळी चार. शेवटाला जरा उतरती."

"आणि मी आले तेव्हा?"

"तवा पांढरी सहा. येकदम लागला सूर, चढलाबिढला न्हाई."

"म्हणजे दोन्ही रडणी सारखी नव्हती."

"सारखी कशी असतील? ह्ये पोट भरल्याचं, त्ये घाबरल्याचं. माणसाला कळंना व्हय?"

"मग यंत्र दोन्ही वेळा तेच कसं म्हणालं?"

अण्णा पाळण्याकडे बघत राहिले. चांगल्या घरातल्या जावयाने जेवताना काहीतरी खिशात घातलेलं दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी यमूला झोपवायला घेतलं. ती किरकिरली. पांढरी पाच, असं अण्णा पुटपुटले. यंत्र म्हणालं, "सिस्टर आली! सुई आली!" मालनकाकूंच्या हातून भांडं पडलं, यमू दचकून रडली, वरचा सा. यंत्र म्हणालं, "मला वाचवा!"

"ह्याला सुराचं ग्यान न्हाई," अण्णा शेवटी म्हणाले. "पर सिस्टर, शबुद कुटला तरी त्याला कुणीतरी दिलाच आसंल की. इनाकारण कसं म्हणंल?"

"दिला आहे," सारिका म्हणाली. आणि तिने उरलेला चहा संपवला. मालनकाकू मात्र पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

अण्णा उठले, ओसरीवर जाऊन कामाला बसले. बराच वेळ नुसता कानशीचा आवाज येत होता. सारिका आपली पिशवी आवरू लागली तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "गोवरानं हुतंय तरी काय? आमच्या लहानपणी समद्यास्नी निघायचा."

"घाबरवू का?" सारिका म्हणाली. "नको वाटतं. घाबरवायचं काम माझ्या नावावर इथं रोज चालतंच."

"खरं काय त्ये सांगा."

मग तिने सांगितलं. गोवराचा विषाणू हवेत दोन-दोन तास तरंगतो. आजारी मूल खोलीतून निघून गेलं तरी तो मागे राहतो, आणि लस न घेतलेली दहा मुलं त्याच्या जवळपास असली तर त्यातल्या नऊ जणांना गाठतो. बहुतेक मुलं बरी होतात. काहींना न्यूमोनिया होतो, काहींच्या मेंदूला सूज येते. आणि तो जाताना अजून एक खोडी करून जातो. आधीच्या आजारांशी कसं लढायचं याची शरीराने जमवलेली आठवण पुसून टाकतो. "तुमच्या लावलेल्या पेटीतले सगळे सूर कुणी उपटून गोणीत भरावेत ना अण्णा, तसं. पहिल्यापासून लावत बसायचं. लशीत तोच विषाणू असतो, पण दुबळा केलेला. शरीर त्याच्यावर सराव करून घेतं."

"आन् लशीचा तरास?"

"आठदहा दिवसांनी एखाद्याला ताप येतो, बारीक पुरळ येतं. दोन-तीन दिवसांत जातं. क्वचित कुणाला लगेच त्रास होतो, म्हणून अर्धा तास केंद्रात बसवून ठेवते मी. हे मी लपवत नाही."

अण्णांनी मान हलवली. सारिका निघायची ती निघाली नाही. ओसरीच्या कडेला बसली. हे ती फारसं कुणाला सांगत नसे.

"माझी पहिली नेमणूक दुसऱ्या तालुक्यात होती. कल्याणी नावाची मुलगी होती, यमूएवढीच. घरचे म्हणाले, पुढच्या बुधवारी आणतो. मी म्हटलं, बरं. का नको, काय अडचण, काही विचारलं नाही. मला पुढच्या घरी जायची घाई होती. त्याच रविवारी गोवर निघाला. वाचली पोरगी. पण दोन्ही कानांत पू झाला आणि कान गेले. तिची आई टाळ्या वाजवत होती आणि ती खिडकीकडे बघत होती. तेव्हापासून मी कुणाच्या घरून चहा न घेता उठत नाही."

कानशीचा आवाज थांबला होता. समोर अर्धी उघडलेली पेटी होती आणि सूर चटईवर मांडलेले होते. अण्णांनी त्यातला एक उचलला, फुंकर घालून वाजवला आणि आत पाळण्याकडे बघितलं. यमूने झोपेतच मान वळवली. ते एवढंच म्हणाले, "ऐकती."

"शनिवारी जादा सत्र आहे," सारिका म्हणाली. "यमूला झोपवून दाबून धरायचं नाही. ऋतुजाच्या मांडीवर बसवायचं, अंगावर पाजत असतानाच टोचते मी. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. रडेल. रडू द्यायचं, पण कुणी मला शिव्या घालायच्या नाहीत. आणि तो अंगठा बघू. धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतलीत?"

"अंगठा बरा हाय," अण्णा म्हणाले आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.

"कवा घेतील?" मालनकाकू दारात आल्या. "कोरोनाच्या साली समदं गाव रांगंत हुतं आन् ह्ये पाण्याच्या टाकीवर चढून बसलं हुतं. भाकरी वर दिऊन आले म्या, दोरीनं. शेवटाला सरपंचानं शिडी काढून नेली तवा कबूल झाले."

"शिडी काढल्यावर उतरणार कसा माणूस?" अण्णा म्हणाले. "त्या कारणानं कबूल झालो."

शनिवारी उपकेंद्र भरून गेलं होतं. शेजारच्या गावात गोवराची मुलं दोनाची सहा झाली होती आणि ओढ्यापलीकडची बातमी अलीकडे यायला वेळ लागला नव्हता. चौदा बाळं, चौदा आया आणि पाळण्यावरून काढून आणलेले आठदहा बाळबोल. एक बाळ रडलं की सगळी रडत आणि सगळी यंत्रं आपापल्या घरातलं बाहेर काढत. "वेळच्या वेळी!" "माझं कोण ऐकतंय?" "तुझ्या बापाला सांग!" यातल्या शेवटच्या वाक्यावर एक जोडपं एकमेकांकडे बघून गप्प झालं.

सुतार मंडळी आली. यमू ऋतुजाच्या कडेवर होती, बाळबोल अण्णांच्या गळ्यात, आणि मालनकाकूंच्या हातात लसीकरणाचं कार्ड, ते फाटू नये म्हणून हळदीकुंकवाच्या डब्यात घातलेलं. अण्णांनी नवा सदरा घातला होता. त्यांचा चेहरा मात्र परीक्षेला निघालेल्या पोरासारखा होता.

"सिस्टर," ते मोठ्याने म्हणाले, म्हणजे माघार घेता येऊ नये इतक्या मोठ्याने, "आदी मला टोचा. धनुर्वाताचं. नातीला सुई आन् आज्याला माफी, आसं आमच्यात चालत न्हाई."

सारिका बघतच राहिली. मग हसू दाबून तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, दंड उघडा करायला लावला. अण्णांनी डोळे मिटले. सुई गेली.

"आई गं!"

ती हाक शाळेच्या मैदानापर्यंत पोचली असं नंतर लोकांनी सांगितलं. आणि अण्णांच्याच गळ्यातून बारीक, गोड आवाज आला:

"सिस्टर आली! सुई आली! मला वाचवा!"

आधी मालनकाकू हसल्या. मग चौदा आया, मग पौर्णिमा, मग ऋतुजा भिंतीला धरून. सारिकाला सिरिंज ठेवायला टेबल दिसेना. आणि या सगळ्या गलक्याने यमूही तोंडातले दोन दात दाखवत खिदळायला लागली.

"आता कळलं का," मालनकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "दोन म्हयनं कोण बोलतंय त्ये?"

अण्णांनी दंड चोळला. ते हसले नाहीत. त्यांना मनापासून लाज वाटली होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. "माझंच भ्या," ते म्हणाले. "माझं भ्या पोरीच्या तोंडात घातलं म्या. आन् सिस्टर, तुमचंबी नाव खराब केलं."

चोवीस वर्षांत हे कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं होतं. सारिकाने घाईने कापसाचा डबा शोधायला सुरुवात केली. डबा समोरच होता.

मग ऋतुजा बसली. यमूला मांडीवर घेऊन पदराखाली पाजायला लागली, तिचा एक दंड मोकळा ठेवून. यमू चार घोट प्यायली आणि त्यातच सुई येऊन गेली. पहिला क्षण काहीच नाही. मग किंकाळी.

"काळी पाच," अण्णा म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते. "चढती हाय... थांबली... उतराय लागली..."

बाळबोलने सुरुवात केली, "सिस्टर आ—" ऋतुजाने हात लांब करून तो सासऱ्याच्या गळ्यातून ओढून घेतला, कळ दाबली आणि कार्डाच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

"मी ऐकतीया की तिचं," ती म्हणाली. "मला सांगाय कोण कशाला पायजे?" तिने यमूला पुन्हा जवळ घेतलं. बारा सेकंदांत रडणं संपलं. अण्णांनी मोजलं होतं. यमूने आईकडे बघितलं, आणि त्या बघण्यात कसलीही तक्रार नव्हती. तिला दूध हवं होतं.

गोवर ओढा ओलांडून आलाच. निंबळगावात तीन मुलांना झाला, तिघंही लस घ्यायची राहिलेली. बरी झाली, पण एकाला नऊ दिवस दवाखान्यात काढावे लागले. सारिका त्या घरीही चहा पिऊन आली. यमूला आठव्या दिवशी जरा ताप आला, दहाव्या दिवशी गेला. बाकी काही नाही.

बाळबोलचं काय झालं? कंपनीने बोलण्याची सोय काढून टाकली वगैरे काही झालं नाही. अण्णांनी मात्र एक काम अंगावर घेतलं. पेटी पोचवायला ज्या घरी जात तिथल्या बाळबोलसमोर बसत आणि म्हणत, "ह्यो बेसूर लागलाय. लावून घ्या. पोर रडलं की चांगलं बोला." त्यांनी घरोघरी धमकीसुद्धा बदलून दिली. त्यामुळे त्या दिवाळीत गावात नवाच मंत्र ऐकू येऊ लागला: "खा गप, न्हाईतर सिस्टर सुई द्यायची न्हाई हं!" पोरांना यातलं काय समजत होतं देव जाणे, पण यंत्रांना समजलं. सारिका गल्लीतून गेली की घराघरातून बारीक, गोड आवाज येत, "सिस्टर, माझी सुई?" आणि तिला हसावं की घाबरावं ते उमजत नसे.

यमू सोळा महिन्यांची झाली. दुसऱ्या डोसची आठवण करून द्यायला सारिका सुतारांकडे निघाली. पिशवीत साठीपुढच्या माणसांसाठी त्या वर्षीची फ्लूची लस होती, घरोघरी द्यायची. उंबऱ्याशी तिची पावलं सवयीने हळू झाली. आता पोरगी आपल्याला बघणार, तोंड वाकडं करणार, पळणार.

सुतारांचा बाळबोल बंद होऊन सुरांच्या खोक्यात पडला होता. ओसरीवर अण्णा होते आणि त्यांच्याभोवती यमू डुलत डुलत चालत होती. गेले सात महिने आजा आणि नात रोज संध्याकाळी एकच खेळ खेळत, हे सारिकाला माहीत नव्हतं. अण्णा बाही वर करत, यमू दंडावर बोट टोचे, अण्णा "आई गं!" म्हणून आडवे पडत आणि यमू हसून हसून बसकण मारी.

यमूने दारातली सिस्टर बघितली. पांढरा झगा, हातात पिशवी. ती थांबली. तिने नीट विचार केला. मग ती पळाली, पण घरात नाही. सरळ सारिकाकडे आली, तिच्या झग्याचं टोक मुठीत धरलं आणि तिला ओढत अण्णांपर्यंत नेलं. दुसऱ्या हाताने तिने अण्णांची बाही वर करायला घेतली.

"आजा," यमू सिस्टरला म्हणाली. "टुच."

चोवीस वर्षांत एकही पोर सारिकाकडे पळत आलं नव्हतं. ती खाली बसली आणि त्या मुठीत अडकलेलं झग्याचं टोक तिने सोडवलं नाही.

"आज कायबी न्हाई हां," अण्णा म्हणाले. "आज नुसतं सांगाय आल्यात त्या. व्हय न्हवं सिस्टर?"

सारिकाने पिशवीकडे बघितलं. मग अण्णांकडे बघितलं. मालनकाकूंनी न विचारताच आधण ठेवलं आणि मधे उभं राहून पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता अडवला.

त्या दिवशीची "आई गं" काळी पाचमधून निघाली असं ऋतुजा सांगते. अण्णा म्हणतात, पांढरी सहा.